छत्तीसच्या रोलात अडतीस

माझ्या भाचीच्या लग्नाला आठ महिने झाले आणि अल्बम अजून आलेला नाही. चूक फोटोग्राफरची नाही. त्याने पंधरा दिवसांत लिंक पाठवली. सहा हजारांच्या वर फोटो. यातले दोनशे निवडून कळवा, म्हणजे छापायला टाकतो, म्हणाला. भाची आणि जावई बंगळूरला निघून गेले आणि जाताना निवडीचं काम ताईच्या गळ्यात मारून गेले. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भाचीची आई, मुलुंडला राहते. रोज दुपारी जेवण झालं की ती लॅपटॉप उघडून बसते. चहाच्या वेळेपर्यंत तिने चार फोटो निवडलेले असतात आणि कालचे पाच काढून टाकलेले असतात.

मी बोरिवलीहून रविवारी तिच्या मदतीला जातो. मदत कसली, डोकं फिरतं माझं. हळदीचा हात गालापाशी, गालावर, गालावरून निघताना, असे एकाच गालाचे अकरा फोटो. ‘हा घेऊया?’ ‘घे.’ ‘पण त्याच्यात मागे मामी नीट दिसतायत.’ ‘मग तो घे.’ ‘असं कसं रे, घे घे करतोस, नीट बघ ना!’ मी उठतो, पंखा वाढवतो, गॅलरीत जाऊन खाली बघतो, परत येऊन बसतो. ताई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. पायाचं ठीक आहे, माझ्या मानेचं सांगा. फोटो काढला की मान खाली गेलीच पाहिजे. आला का? नीट आला का? परत काढू का?

भाचीच्या लग्नात तीन फोटोग्राफर होते, वर एक ड्रोन घोंघावत होता. त्याआधी मढच्या एका भाड्याच्या बंगल्यात जाऊन लग्नाआधीचं ते शूटिंगही करून झालं होतं. तरी मी माझा कॅमेरा घेऊन लग्नभर फिरत होतो. कॅमेऱ्यात दोन कार्डं, एक बिघडलं तर दुसऱ्यावर असावं म्हणून. संध्याकाळी सगळं घरच्या डिस्कवर, तिथून क्लाऊडवर. मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर झाला तेव्हा मी खाली मान घालून आधीचा फोटो तपासत होतो. बायको म्हणाली, ‘लग्नाला आला होतास की इन्स्पेक्शनला?’ खरंच होतं ते.

अंधेरीला आमच्या ऑफिसात एक पंचविशीची मुलगी आहे. तिने हल्लीच जुना रोलचा कॅमेरा घेतलाय. परवा जेवणाच्या सुट्टीत डब्याचा फोटो काढता काढता मला म्हणते, ‘सर, फिल्मची मजाच वेगळी ना! फोटो कसा आलाय ते माहीतच नसतं, थांबायला लागतं, कसलं भारी!’ माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला म्हणालो, ‘बाई, तुला डब्याचे फोटो काढायचेत. नाही आले तर उद्याही डबा आहेच.’ तिने बिचारीने कॅमेरा बॅगेत टाकला. मला नंतर वाईट वाटलं, पण मी काही चुकीचं बोललो नाही. थांबण्यात मजा कुणाला? ज्याला आपले फोटो आलेत अशी खात्री असते त्याला.

मला हे तपासणं का सुटत नाही, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. मागच्या एका रविवारी ताईनेच विषय काढला. लॅपटॉपवर भाचीच्या पाठवणीचे फोटो होते, दीडशे तरी. ताई ते एकेक पुढे सरकवत होती आणि मधेच थांबली. म्हणाली, ‘माझ्या लग्नाचा असा एक असता ना रे, तर हे सहा हजार मी डोळे मिटून पुसले असते.’

ताईच्या लग्नाचे फोटो नाहीत. म्हणजे नवऱ्याकडच्या एका चुलतभावाने काढलेले सात आहेत, त्यात ताई दीड फोटोत आहे. एकात मुंडावळ्यांनी अर्धं तोंड झाकलेलं, दुसऱ्यात नुसता खांदा. लग्न भांडुपला, आम्ही राहायचो त्या टेकडीवरच्या वस्तीजवळच्या हॉलमध्ये झालं. बाबा गिरणीतून सुटलेले, एका कंपनीत वॉचमन होते, फोटोग्राफर ठरवणं परवडण्यातलं नव्हतं. म्हणून बाबांनी त्यांच्या एका जुन्या दोस्ताचा, गल्फहून आणलेला कॅमेरा मागून आणला आणि माझ्या हातात ठेवला. मी एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजात जात होतो, म्हणजे घरातला शिकलेला. कॅमेरा माझ्याच हातात येणार!

रोल घ्यायला मी आमच्या टेकडीखालच्या फोटो स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाले काका मालवणकडचे, बाबांच्या गावाच्या पलीकडच्या वाडीतले. आमच्या अख्ख्या वस्तीच्या रोलांचे फोटो तेच करून द्यायचे. रोल देताना ते म्हणाले, ‘कॅमेरो हय हाड, मी भरून देतंय.’ मी म्हणालो, ‘नको काका, मला येतं.’

येत होतं कसलं! कॉलेजातल्या एका मित्राने एक युक्ती शिकवली होती, तेवढीच येत होती. तेव्हा छत्तीसच्या रोलात छत्तीस फोटो काढणारा माणूस बावळट समजला जायचा. रोलची सुरुवातीची जीभ दुसऱ्या बाजूच्या रिळात खोचायची असते. ती भरपूर खोचली, एकदोनदा फिरवून बघितली, की मगच मागचं झाकण लावायचं. पण त्यात दोन फोटो वाया जातात. म्हणून हुशार लोक जिभेचं नुसतं टोक अडकवायचे आणि पटकन झाकण लावायचे, की छत्तीसचे अडतीस निघाले! घरोघरी ही चढाओढ चालायची. ‘आमचे सदतीस आले.’ ‘आमचे अडतीस.’ मी टोक अडकवलं, झाकण लावलं आणि बहिणीच्या लग्नाला उभा राहिलो.

काय फोटो काढले म्हणून सांगू! हळद, पुण्याहवाचन, मामाने आणलेली नवरी, सप्तपदी. आईला कधी नव्हे ती पैठणी नेसवली होती आणि ती सारखी पदर सावरत होती, तो एक काढला. पंगतीत बाबा वाढत होते, तो काढला. मोजून, विचार करून एकेक. छत्तीस झाले. त्याच्यापुढे कॅमेऱ्यावर आकडे नव्हते, म्हणून मी मनात मोजायला लागलो. सदतीस. अडतीस! मी स्वतःवर जाम खूश. एकोणचाळीस. हे काहीतरी भलतंच भारी झालं. चाळीसला रोल पुढे सरकवायचा खटका ओढला आणि तोही तस्साच, लोण्यातून सुरी जावी तसा गेला. तेव्हा मी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.

रोल संपला की खटका अडकतो. आणि रोल चालू असला की कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूची खुंटी, रोल परत गुंडाळायची, ती प्रत्येक खटक्याला थोडी फिरते. हे मला माहीत होतं. मी खटका ओढून खुंटीकडे बघितलं. ती हलली नाही. परत ओढून बघितलं. ढिम्म.

मला कळलं होतं. ही गोष्ट मी आजवर स्वतःशीसुद्धा नीट बोललो नाही. मला तेव्हाच, तिथेच, हॉलच्या खांबाला टेकून कळलं होतं की जीभ सुटलीय, रोल जागचा हललेला नाही आणि एकही फोटो आलेला नाही. काकांचा स्टुडिओ हॉलपासून सात मिनिटांवर होता. पळत गेलो असतो तर त्यांनी काळ्या पिशवीत हात घालून कॅमेरा उघडला असता, रोल नीट अडकवला असता. अख्खा रोल कोरा होता, छत्तीसच्या छत्तीस जागा होत्या! ताई शालूत होती. आई पैठणीत होती. पाहुणे पान खात बसले होते. पंधरा मिनिटांत सगळे पुन्हा उभे राहिले असते, हसलेही असते माझ्यावर, आणि फोटो आले असते. आज मोबाईलवर आपण काय वेगळं करतो? ‘अरे, नाही आला, परत उभे राहा.’ एवढंच तर म्हणायचं होतं.

पण मग काकांना सांगावं लागलं असतं की मला रोल भरता येत नाही. आणि हॉलभर झालं असतं की शिकलेल्या पोराने शेण खाल्लं. मी मनाला म्हणालो, खुंटीच खराब असेल. कॅमेरा उघडला आणि रोल ठीक असला तर उजेड लागून सगळं लग्न जळून जाईल. अशी स्वतःची समजूत घातली, आणि पाठवणीचेही फोटो काढले. ताई आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि मी फ्लॅश मारत होतो. ‘इकडे बघ ताई’ म्हणालो. तिने रडता रडता माझ्याकडे बघितलं.

रोल स्टुडिओत टाकून तीन दिवसांनी फोटो आणायला बाबा माझ्याबरोबर आले. काउंटरवर काकांनी फोटोंचं पाकीट दिलंच नाही. त्यांनी धुतलेली पट्टी काढून उजेडात धरली. नुसती नितळ, पिवळट, कडेला बारीक आकडे. आत काही नाही. काकांनी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते तोंड उघडणार इतक्यात मी ओरडलो, ‘तुमच्या मशीनने वाट लावली!’

बाबा आयुष्यात कधी आवाज चढवणारे नव्हते. त्या दिवशी काउंटरवर हात आपटला त्यांनी. ‘गाववालो म्हणान तुझ्याकडे इलंय, आणि तू माझ्या चेडवाच्या लग्नाची माती केलंस?’ काका माझ्याकडेच बघत होते. मी भिंतीवरच्या नमुन्याच्या फोटोंकडे बघायला लागलो. मग ते हळू म्हणाले, ‘चूक झाली असात. माफ करा.’ बाबांनी ती कोरी पट्टी उचलली आणि आम्ही निघालो. त्यानंतर आमच्या वस्तीतल्या कुणी त्यांच्याकडे रोल टाकला नाही. गणपतीचे, बारशाचे, शाळेच्या गॅदरिंगचे, सगळे रोल स्टेशनजवळच्या दुकानात जायला लागले. पुढे डिजिटल आलं आणि जगातल्या सगळ्याच स्टुडिओंचं कंबरडं मोडलं, तेव्हा मी म्हटलं, बघा, त्यांचा धंदा तसाही जाणारच होता. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो!

तर त्या रविवारी ताई लॅपटॉपपुढे बसून म्हणाली, एक फोटो असता तर. आणि माझ्या तोंडून गेलं. ठरवून नाही. आठ महिने ते गाल आणि हात बघून मी कावलो होतो, मला तिथून सुटायचं होतं, काहीही झालं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, ‘ताई, मशीनने काही केलं नव्हतं. मीच रोल नीट भरला नव्हता.’

ती हसली. ‘जाऊ दे रे, पोरगा होतास.’

तेवढ्यावर सुटलो असतो. पण मी पुढचंही सांगितलं. खुंटी, चाळीसचा आकडा, खांब, सगळं.

ताईने लॅपटॉप मिटला. ‘चाळीसला तुला कळलं?’

‘हो.’

‘मी कुठे होते तेव्हा?’

‘स्टेजवर. बसली होतीस.’

‘शालूत?’

‘हो.’

‘आणि आई?’

‘तुझ्या शेजारी.’

आई त्यानंतर दोन वर्षांनी गेली. तिचा पैठणीतला एकही फोटो नाही, कारण पैठणी ती पुन्हा नेसलीच नाही. ताई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही, ती भडकली. मी तिला इतकी भडकलेली कधी बघितली नव्हती. ‘मेल्या,’ म्हणाली, ‘फोटोचं मरू दे. बाबांचं काय? दरवर्षी माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला ते इथे यायचे आणि याच सोफ्यावर बसून मला म्हणायचे, माझाच चुकला गो बाय, बरा दुकान बघून रोल टाकूक होयो होतो. दरवर्षी! एक वर्ष चुकलं नाही. म्हातारा माणूस मुलीची माफी मागतोय आणि तू समोर बसून शिरा खात होतास! लाज नाही वाटली?’

‘वाटली.’

‘मग बोलला का नाहीस?’

पहिल्या वर्षी बोललो नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी बोलणं कठीण झालं, आणि दहाव्या वर्षी बोलणं म्हणजे दहा वर्षांचं सांगणं झालं. बाबा जाऊन आता चार वर्षं झाली. ताईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘ऊठ. चप्पल घाल.’

‘कुठे?’

‘भांडुपला. ते काका आहेत अजून. बाबांना सांगायचं राहिलं ते राहिलं, निदान त्यांना सांग. माझ्यासमोर सांगायचं.’

रिक्षा ताईनेच थांबवली. वाटेत मी दोनदा म्हणालो, आज रविवार आहे, बंद असेल. बंद नव्हतं. स्टुडिओची पाटी तीच, पण आता आत झेरॉक्सचं मशीन होतं, लॅमिनेशन होतं आणि पासपोर्ट फोटोसाठी एक पांढरा पडदा. काकांची सून डिजिटल कॅमेऱ्याने कुणाचा तरी फोटो काढत होती. काढला, गिऱ्हाइकाला दाखवला, ‘डोळे मिटले, परत,’ म्हणाली आणि परत काढला. काका कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, पण डोळे तेच. आम्ही कोण ते ताईने सांगितलं. त्यांनी आम्हाला बसायला स्टूल दिले.

मी बसलो नाही. उभ्या उभ्या, सुनेसमोर, गिऱ्हाइकासमोर सगळं सांगितलं. ‘काका, तुमची काही चूक नव्हती. मी खोटं बोललो. तुमचं नाव घालवलं.’

काका म्हणाले, ‘माका म्हायत हा. पट्टी बघल्याबरोबर समाजला. रोल भायेर इलोच नाय तर फोटो खंयसून येतले?’

‘मग तेव्हा का नाही बोललात?’

‘तुझ्या बापसाच्या समोर तुका उघडो पाडू?’ ते म्हणाले. मग ताईकडे बघून म्हणाले, ‘आणि बापूस तुझो मागसून इल्लो माझ्याकडे. त्याच वर्षाक, गणपतीच्या आधी. एकटोच.’

ताई म्हणाली, ‘बाबा? इथे?’

‘तर! कॅमेरो परत देताना त्याने ती पट्टी मालकाक दाखवल्यान. मालकान सांगितल्यान, रोल फिरलोच नाय, पट्टी कोरी. मगे हय इलो आणि माका हात जोडल्यान. मी म्हटलंय, झिलाक काय बोललंस? तर म्हणता, काय नाय. म्हणता, तो आपणहून सांगतलो माका. जरा येळ लागतलो त्याका. तवसर तू कोणाक काय बोलू नको.’

झेरॉक्सचं मशीन चालू होतं, त्याचा उजेड भिंतीवर येत-जात होता. ताई माझ्याकडे वळली. तिचा राग गेला होता आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते मला रागापेक्षा जड गेलं. ती म्हणाली, ‘म्हणजे दरवर्षी ते जे म्हणायचे, ते मला नव्हतंच. तुला होतं.’

मी तेव्हा स्टुलावर बसलो. मला शेवटचं वर्ष आठवलं. बाबांना जिना चढवत नव्हता तरी ताईकडे जायचा हट्ट धरला होता. सोफ्यावर बसल्या बसल्या ‘माझाच चुकला गो बाय’ म्हणून झालं आणि मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि बघतच राहिले. मला ते सहन होईना. मी फोन काढला, ‘बाबा, असेच थांबा हां’ म्हणालो आणि फोटो घेतला. लगेच तपासला. तोंड जरासं उघडं, काही विचारत असल्यासारखे डोळे. चांगला नाही आला म्हणून मी तो तिथल्या तिथे पुसून टाकला आणि म्हणालो, ‘बाबा, जरा हसा ना.’ ते हसले. तो आहे माझ्याकडे.